जोर किती, यापेक्षा जोर कधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा निरोप असा होता की प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, पण आठवीतल्या मुलाला कळलं पाहिजे आणि मागे खुर्च्यांवर बसलेल्या काकांनाही. मी पुण्यात राहते आणि गाड्यांच्या इंजिनांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. हे सांगितलं की गावाकडं पहिला प्रश्न येतो, "गाडीत कसलं आलंय सॉफ्टवेअर?" आणि दुसरा येतो, "मग सांग बरं, कुठली गाडी घ्यावी?" आज दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदमच देऊन टाकते.

आपल्याकडं गाडी घेताना माणूस दोन गोष्टी विचारतो. अ‍ॅव्हरेज किती देते, आणि पिकअप कसा आहे. अ‍ॅव्हरेजचा हिशेब सगळ्यांना येतो. पिकअपचं मात्र तसं नाही. कुणी म्हणतं गाडी उचलत नाही, कुणी म्हणतं एकदम झेपावते, कुणी म्हणतं ओढते बैलासारखी. या सगळ्या शब्दांच्या मागं एकच राशी आहे. तिला पुस्तकात बलाचं आघूर्ण म्हणतात आणि गॅरेजात टॉर्क. मी टॉर्कच म्हणेन.

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. ट्रॉलीच्या चाकाचा नट गंजून बसला की आपण पान्यात लांब पाइप घालतो आणि पाइपच्या टोकाला धरून दाबतो. हात तोच, ताकद तीच, पण नट सुटतो, कारण हात मध्यापासून लांब गेला. जात्याचा खुंटासुद्धा वरच्या दगडाच्या कडेला असतो, मध्यभागी नसतो, तो याचसाठी. आपल्या आज्यांना आघूर्ण हा शब्द माहीत नव्हता, पण खुंटा कुठं बसवायचा ते पक्कं माहीत होतं.

टॉर्क मोजतात न्यूटन-मीटरमध्ये. मीटरभर लांब आडव्या दांड्याच्या टोकाला साधारण पंचवीस किलोचं पोतं टांगलं, तर दुसऱ्या टोकाला जो पीळ बसतो तो सुमारे २५० न्यूटन-मीटर. बऱ्यापैकी दमदार गाडीचं इंजिन एवढाच पीळ देतं. ऐकून तुम्हाला वाटेल, एवढंच? हो, एवढंच. बाकीची करामत आहे तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत टिकतो यात.

एक हिशेब सांगते, मुलांनी वहीत करून बघावा. टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ९,५४९, म्हणजे शक्ती, किलोवॅटमध्ये. आता ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्या, जो ही शक्ती २,००० फेऱ्यांवर देतो. उलटा हिशेब केला तर त्या वेळी त्याचा टॉर्क येतो सुमारे १६० न्यूटन-मीटर. आता दुसरीकडं चाकणला पूर्वी तयार व्हायची ती फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्या, २०१३ मध्ये आलेली. इंजिन फक्त १.२ लिटरचं आणि टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. म्हणजे ट्रॅक्टरच्या आसपासच. मग एक उसाची डबल ट्रॉली ओढतो आणि दुसरी एक्स्प्रेसवेवर पळते, असं का? कारण ट्रॅक्टरचं इंजिन दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांच्या पुढं फारसं जात नाही. पोलो मात्र तोच जोर १,५०० पासून ४,१०० फेऱ्यांपर्यंत धरून ठेवते. तेवढाच जोर दुप्पट वेगानं देता आला की शक्ती दुप्पट होते. पोलोची अश्वशक्ती म्हणून १०५ आहे.

इथपर्यंत शाळेचं गणित झालं. माझ्या कामाची खरी गोष्ट पुढं आहे.

दोन गाड्या सांगते. पहिली आपल्या मराठवाड्याच्या ओळखीची. संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, तिथली ऑक्टेव्हिया तुम्ही पाहिली असेल. त्या ऑक्टेव्हियाची व्हीआरएस नावाची टर्बो पेट्रोल आवृत्ती २००४ च्या सुमारास आपल्या देशात आली. अश्वशक्ती १५०, टॉर्क २१० न्यूटन-मीटर. दुसरी जपानची, होंडा एस२०००, दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार. युरोपात मिळायची तिचा टॉर्क २०८ न्यूटन-मीटर. म्हणजे दोघींचा जोर जवळजवळ सारखा. पण ऑक्टेव्हियाला तो जोर १,७५० फेऱ्यांपासून ४,६०० पर्यंत सपाट मिळतो, आणि होंडाला तो मिळतो थेट ७,५०० फेऱ्यांवर. त्यामुळं होंडाची अश्वशक्ती २४० झाली.

चालवणाऱ्याला काय वाटतं? ऑक्टेव्हियात तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये नुसता पाय दाबला की गाडी निघते. गिअर बदलायची घाई नाही, इंजिनाचा आरडाओरडा नाही. होंडात मात्र खालच्या फेऱ्यांवर पाय दाबला तर ती साध्या गाडीसारखीच वागते. तिच्याकडून काम करून घ्यायचं तर गिअर खाली टाकायचा, फेरे सहा-सात हजारांच्या वर ठेवायचे, सारखं हातानं आणि कानानं जागं राहायचं. ज्याला गाडी चालवण्याचाच छंद आहे त्याला हे आवडतं, कारण पाय जेवढा हलवाल तेवढंच इंजिन उत्तर देतं, कमी नाही आणि जास्त नाही. पण रोज सोलापूरला ये-जा करणाऱ्याला ते नको असतं. कागदावर टॉर्क सारखा, गाड्यांचे स्वभाव दोन टोकांचे.

असं का होतं? इंजिन श्वासावर चालतं. सिलिंडरमध्ये जेवढी हवा भरेल तेवढंच इंधन जळेल आणि तेवढाच जोर येईल. साध्या इंजिनाची हवा येण्या-जाण्याची वाट एका ठरावीक वेगाला जुळवलेली असते, तिथं जोर सगळ्यात जास्त. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो दुसऱ्या पंख्यानं आत हवा कोंबतो. तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. पण धूर कमी असेल, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असेल, तर पंखा झोपलेला असतो. त्याला जागं व्हायला वेळ लागतो. या वेळेला टर्बो लॅग म्हणतात.

१९७५ ची पोर्शे ९११ टर्बो या गोष्टीसाठी जगभर प्रसिद्ध आहे आणि बदनामही. २६० अश्वशक्ती, इंजिन मागच्या टोकाला. वळणात शिरल्यावर चालक पाय दाबायचा, काहीच व्हायचं नाही, म्हणून आणखी दाबायचा, आणि ऐन वळणात टर्बो जागा होऊन सगळा जोर एकदम मागच्या चाकांवर यायचा. घाबरून पाय काढला तर पुढं भार जाऊन मागची बाजू आणखीच सुटायची. गाडी गिरकी घ्यायची. त्या गाडीत जोर जास्त होता हा दोष नव्हता. जोर मागितल्यावर येत नव्हता आणि नको तेव्हा येत होता, हा दोष होता.

माकणीच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. निम्न तेरणेचं पाणी कालव्यानं पाळीपाळीनं आलं तर पीक उभं राहतं, आणि तेवढंच पाणी एकदम आलं तर बांध फुटतो. पाणी तेच. येण्याची रीत वेगळी.

आता माझं सॉफ्टवेअर. पूर्वी अ‍ॅक्सिलरेटरला केबल असायची, ती सरळ हवेचं झाकण उघडायची. आता बहुतेक गाड्यांत केबल नाही. तुमचा पाय म्हणजे एक अर्ज आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर तो वाचतो आणि ठरवतो की या माणसाला एवढे न्यूटन-मीटर हवेत. त्याच वेळी एसी म्हणतो मला थोडा जोर द्या, गिअरबॉक्स म्हणतो गिअर बदलतोय, क्षणभर जोर कमी करा, चाकांचे सेन्सर म्हणतात चाक घसरतंय, आवरा. ग्रामसभेत जशा सगळ्यांच्या मागण्या येतात आणि शेवटी ठराव एकच होतो, तसा हा ठराव सेकंदाला कितीतरी वेळा होतो. मग त्याप्रमाणे झाकण किती उघडायचं, टर्बो किती दाबानं चालवायचा, ठिणगी कधी टाकायची, इंधन किती, हे ठरतं. आमच्यासारखी माणसं तो ठराव करण्याचे नियम लिहितात.

पोलोचा जोर १,५०० ते ४,१०० सपाट आहे असं मी म्हणाले. निसर्गात अशी सपाट रेघ नसते. लहान टर्बो लवकर जागा करायचा आणि पुढं मुद्दाम त्याला आवरून धरायचं, म्हणजे रेघ सपाट होते. रांजणगावच्या फियाट कारखान्यातून २०१५ मध्ये आलेली पुंटो अबार्थ, १४५ अश्वशक्तीची, तिचे २१२ न्यूटन-मीटर २,००० ते ४,००० मध्ये मिळतात. पुण्याची टाटा अल्ट्रोझ रेसर, २०२४ ची, १२० अश्वशक्ती, १७० न्यूटन-मीटर, १,७५० ते ४,०००. प्रत्येक गाडीच्या पठाराची सुरुवात कुठं आणि शेवट कुठं, त्यावर तिचा स्वभाव ठरतो. आकडा वाचायचा तर नुसता २१२ वाचू नका, त्याच्या पुढचे "२,००० ते ४,०००" हे शब्द आधी वाचा.

याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण फेरारीचं आहे. २०१५ च्या ४८८ जीटीबी गाडीला टर्बो आला आणि टॉर्क ७६० न्यूटन-मीटर झाला. पण हा पूर्ण टॉर्क त्यांनी फक्त सातव्या गिअरमध्ये दिला. खालच्या गिअरमध्ये सॉफ्टवेअर तो मुद्दाम कमी ठेवतं आणि फेऱ्यांबरोबर हळूहळू चढवत नेतं, म्हणजे चालवणाऱ्याला जुन्या बिनटर्बो फेरारीसारखं वाटावं, वर वर जाताना जोर वाढतोय असं. हातात असलेला जोर न देण्यासाठी एवढ्या हुशार माणसांनी मेहनत घेतली, हे मला आमच्या धंद्यातलं मोठं शहाणपण वाटतं.

जोर आवरण्याचं दुसरं कारण टायर. इंजिनाचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये समजा तेरा पट होऊन चाकाला मिळतो. १७५ गुणिले १३ म्हणजे २,२७५. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर रस्त्यावर सुमारे ७,५०० न्यूटनचा, म्हणजे साधारण पावणेआठशे किलोचा धक्का. लहान गाडीच्या पुढच्या दोन टायरांवर निघताना भार असतो साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि कोरड्या डांबरावर टायर धरणार त्याहून कमी. म्हणजे पूर्ण जोर दिला तर चाक जागेवर फिरणार. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर तेलकट चिखल असतो तेव्हा तर पकड निम्म्यावर येते. ज्या गाडीचा जोर पायाच्या हालचालीबरोबर सावकाश चढतो, ती गाडी अशा रस्त्यावर तुम्हाला आधी सूचना देते. ज्या गाडीचा जोर झटक्यात येतो, ती सूचना देत नाही.

मग आल्या विजेच्या गाड्या. मोटारीला धुराची वाट बघावी लागत नाही. पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क. रांजणगावची नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली तेव्हा तिचा टॉर्क २४५ न्यूटन-मीटर होता. चाकणला तयार होणारी महिंद्रा बीई ६ मोठ्या बॅटरीसह २८६ अश्वशक्ती आणि ३८० न्यूटन-मीटर देते, आणि शून्यापासून शंभरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते असं कंपनी सांगते. काही वर्षांपूर्वी असा वेग परदेशी स्पोर्ट्स कारच्या किमतीत मिळायचा. या गाड्यांत सॉफ्टवेअरचं काम उलटं आहे. तिथं जोर लवकर आणायचा नसतो, जोर सोसवेल असा सोडायचा असतो.

मंडळी, आता ज्यासाठी हा विषय निवडला ते सांगते. या मांडवात वेगाची गाडी फार जणांकडं नसेल, पण डिझेल स्विफ्ट किंवा तशीच टर्बो गाडी पुष्कळांच्या दारात आहे. स्विफ्टच्या त्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर, २,००० फेऱ्यांवर. त्याच्या खाली ती झोपलेली असते. आपल्याकडं दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. लोहारा, उमरग्याच्या रस्त्यांवर डबल ट्रॉल्या असतात, मागं दिवा असला तर नशीब. तुम्ही ट्रॉलीच्या मागं पाचव्या गिअरमध्ये रेंगाळत आहात, फेरे दीड हजाराच्या खाली. समोर मोकळं दिसलं, गिअर न बदलता ओव्हरटेकला बाहेर काढलं, पाय पूर्ण दाबला. एक सेकंद, दोन सेकंद, गाडी उचलतच नाही.

समजा तोवर तुमचा वेग साठ झालाय आणि समोरून येणाऱ्याचा ऐंशी. दोघांचा मिळून ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर. टर्बो जागा होण्याच्या त्या दोन सेकंदांत तुमच्या दोघांमधलं ७८ मीटर अंतर संपलेलं असतं. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे सहा मैदानं. आणि दोन सेकंदांनी जोर येतो तो एकदम, तेव्हा हात आधीच घाबरलेले असतात. अपघात झाला की आपण म्हणतो, "पोरगं वेगात होतं." पुष्कळदा ते वेगात नसतंच. इंजिनात जोर नसलेल्या जागी ते उभं असतं.

उपाय फुकट आहे. आपल्या गाडीचा जोर किती फेऱ्यांवर सुरू होतो ते पुस्तिकेत बघून ठेवा. ओव्हरटेक करायचं ठरलं की बाहेर काढण्याच्या आधी, ट्रॉलीच्या मागंच असताना, गिअर तिसरा किंवा चौथा करा. काटा दोन हजाराच्या वर आला, गाडी पायाला उत्तर देते असं वाटलं, समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला, तरच बाहेर काढा. तुळजापूरच्या घाटात चढतानाही हेच. इंजिन गुरगुरायला लागेपर्यंत वरच्या गिअरला चिकटून राहण्यात अ‍ॅव्हरेजही वाचत नाही आणि गाडीही.

तरुण पोरांसाठी आणखी दोन गोष्टी. "स्पोर्ट" बटण दाबलं की इंजिनाचा जोर वाढतो असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक गाड्यांत तसं नसतं. अर्ध्या पायाला जेवढं मिळायचं तेवढं पाव पायाला मिळतं, एवढाच फरक. पूर्ण दाबल्यावर इंजिन तेच. दुसरं, शहरात चिप ट्यूनिंग करून देणारे असतात, लॅपटॉप लावून टॉर्क वाढवून देतात. वाढतो तो खरंच. पण पोलो जीटीचा सात गिअरचा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. क्लच, गिअर, टर्बो, टायर, ब्रेक, सगळ्यांची सोसण्याची हद्द धरून कारखान्यानं ती रेघ ठरवलेली असते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासूनची. असल्या ठिकाणी इंजिन बाकावर बांधून, तासन्‌तास चालवून, धूर मोजून मग गाडी रस्त्यावर येते. ते काम कुणी दुपारभरात लॅपटॉपवर उरकत असेल तर त्यानं नेमकं काय सोडून दिलंय, ते विचारा.

आणि आता विद्यार्थ्यांसाठी. मी आज जे बोलले ते सगळं एका आलेखात मावतं. आडव्या अक्षावर फेरे, उभ्या अक्षावर टॉर्क. सपाट रेघ, चढती रेघ, उशिरा उठणारी रेघ, आणि विजेच्या गाडीची पहिल्यापासून उंच सुरू होऊन पुढं उतरणारी रेघ. आलेख कागदावर बिंदू जोडायला आपण याच शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. मला त्या बिंदूंनीच पोट भरायला शिकवलं.

माझ्या माजी विद्यार्थी मित्रांना एक विनंती करते. आपण वर्गणी जमवली आहे, त्यातून शाळेच्या प्रयोगशाळेला एक जुनं भंगारातलं इंजिन आणून, ते कापून, रंगवून, उघडं मांडून ठेवू. पिस्टन कुठं, टर्बो कुठं, हवा कुठून येते, ते मुलांना हातानं फिरवून बघता येईल. माझ्या ओळखीचे कारागीर आहेत, आणण्या-बसवण्याची जबाबदारी मी घेते. एकच अट आहे. पान्याला पहिला हात आठवीतल्या मुलींनी लावायचा. पाइप लांब असला की नट सुटतो, ताकद कुणाची आहे ते नट बघत नाही.

माझं बोलणं संपवते. घरी जाताना रस्त्यावर ट्रॉल्या असतील. गिअर आधी बदला, मग बाहेर काढा. सावकाश जा, आणि पुढच्या मेळाव्याला सगळे या.